हे आडनाव पुष्कळांचं असतं

नायगाव, १२ नोव्हेंबर १९८९

जगन,

वर 'चि.' लिहिलेलं नाही, 'अनेक आशीर्वाद'ही नाहीत. विसरले नाही. पत्रात खोटं कशाला लिहायचं, म्हणून गाळलं.

तुझं पत्र आयच्या नावाने आलं. आयला अक्षर येत नाही हे लंडनला गेल्यावर विसरलास की काय? का मलाच वाचावं लागेल हे ठाऊक होतं म्हणूनच तिच्या नावाने टाकलंस? मी वाचलं. तिच्यापुरतं मोठ्याने आणि उरलेलं मनात. तिच्यापुरतं म्हणजे थंडी फार आहे, मासे बेचव आहेत, खोलीला हीटर आहे. उरलेलं सगळं माझ्याबद्दल. ताईचा डोळा पहिल्यांदा अधू झाला तो संपाच्या आधी की नंतर? उजवा की डावा? पाय जड पडतात ते सकाळी की दुपारनंतर? ऊन लागलं की जास्त का?

दोन वर्षं गप्प होतास आणि बोललास ते असं. ताई कशी आहे, एवढं एक वाक्य कुठेही नाही. मी पत्र उलटून मागच्या बाजूलाही बघितलं.

माझ्या रोगाचं शिक्षण घ्यायला तू तिकडे गेला आहेस हे अख्ख्या चाळीला माहीत आहे. आय दादरच्या बाजारात पाटीवर बसून गिऱ्हाइकांना सांगते, 'माझा जगन बहिणीसाठी विलायतेला गेला.' पापलेट कापता कापता सांगते. मी तिला खोडून काढत नाही. पण तू कशासाठी गेलास हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. माझ्या तोंडून तुला एक तारीखसुद्धा मिळणार नाही. तुला टिपणं काढायला दुसरी कुणी बघ.

आय बरी आहे. बाबा रेवसला काकांच्या होडीवर गेले ते तिकडचेच झाले. गिरणीचं नाव काढलं की उठून जातात. मी शाळेत जाते. जिना चढते. पाणी पीत नाही.

गुणवंती


नायगाव, २१ जानेवारी १९९०

जगन,

या वेळी माझ्या नावाने पत्र पाठवलंस, बरं केलंस. तीन पानं तुझ्या त्या लंडनच्या युनिटचं वर्णन. तिथे म्हणे एका रोग्यामागे सगळे एकत्र बसतात. नर्स असते ती फक्त याच रोगाची. व्यायाम घेणारी बाई, रोजची कामं सोपी करून देणारी बाई, लघवीचा डॉक्टर, आणि त्यांच्यात एक खुर्ची रोग्यालाही. 'ताई, इथे डॉक्टर एकटा काहीच नसतो' असं लिहिलंयस. वाचून मला हसू आलं. आपल्याकडेही माझ्यामागे पुष्कळ जण एकत्र आले होते रे. खुर्ची नव्हती, खाट होती.

शेवटच्या ओळीत लिहितोस, 'त्या दिवशी जे झालं ते विसरून जाऊया.' मला आधी बघू दे, तुला नक्की काय आठवतं ते. माझं मी सांगते, तू ताडून घे.

तुझ्या एम.डी.च्या परीक्षेआधी रजिस्ट्रार घरी आला होता. 'बाई, परीक्षेला याच. तुमच्यासारखी केस अख्ख्या मुंबईत मिळत नाही.' मला याची सवय झाली होती. दर परीक्षेला बोलवायचे. चहा, वडा, बसभाडं आणि खाटेला नंबर. शेजारी प्लीहा मोठी झालेले एक म्हातारे असायचे, पलीकडे हृदयाच्या झडपेची एक मुलगी. आम्ही एकमेकांना ओळखायला लागलो होतो, लग्नाच्या वाजंत्र्यांसारखे. उमेदवार पडदा ओढून आत यायचे आणि आधी हळूच विचारायचे, 'बाई, काय आहे म्हणालेत तुम्हाला?' घामाघूम झालेले असायचे. मी सांगून टाकायचे, मल्टिपल स्क्लेरोसिस. माझ्या विद्यार्थ्यांना मी कॉपी करू देत नाही, पण या घोडम्यांची कीव यायची.

चिठ्ठ्यांमध्ये तुला माझी खाट येईल हे मला माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं, ते मी मान्य करते. तू पडदा सरकवलास आणि उभाच राहिलास. पेशंट ओळखीचा निघाला तर परीक्षकांना सांगायचं, ते दुसरी केस देतात, असा नियम आहे. तूच मला हा नियम घरी जेवताना सांगितला होतास.

तू स्टुलावर बसलास. 'नाव?' म्हणालास.

मला वाटलं, लाजतोयस. बाहेर ऐकू जाईल म्हणून नाटक करतोयस. मी नाव सांगितलं. तू विचारत गेलास, मी सांगत गेले. मग आवाज खाली आणून विचारलंस, 'लघवीवर ताबा राहतो का?' जगन, ते मी आयलाही सांगितलेलं नव्हतं. शाळेत कुणाला नाही, डॉक्टरांनाही नाही. पोटातलं कुणीतरी विचारलं आणि ते तू होतास, म्हणून सांगितलं. कधीपासून, किती वेळा, कुठल्या कुठल्या दिवशी साडी भिजली, सगळं सांगितलं. तू लिहून घेतलंस.

मग ते आले. चार परीक्षक आणि त्यांच्यामागे सगळी वरात. आणि तू इंग्रजीत सुरू झालास. मी शिक्षिका आहे, मला इंग्रजी कळतं, हे तुझ्या डोक्यात आलंच नाही. वडील संपातले बेकार गिरणी कामगार. आई मच्छी विकते. कोंदट एक खोली, सामायिक संडास. अविवाहित. आपलंच घर तू त्यांना असं सांगत होतास जसं काही कधी तिथे जेवलाच नाहीस. आणि मग, पेशंटला लघवी आवरत नाही. सगळ्यांसमोर. मी भावाला सांगितलं होतं आणि तू ते परीक्षकांना सांगितलंस.

एकाने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या तळव्यावरून ओढली. अंगठा वर गेला. सगळे खूश झाले. डोळे इकडे फिरवा, तिकडे फिरवा. एक डोळा जातो आणि दुसरा मागे रेंगाळतो, ते बघायला मागचे टाचा वर करून उभे होते. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. इथे खाणारे वाहवा करत होते, इतकाच फरक.

तेवढ्यात त्या चष्मेवाल्या परीक्षकांनी कागद बघितला. 'तांडेल? तुम्हीही तांडेल. नात्यातली आहे का?'

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. म्हणालास, 'नाही सर. आमच्यात हे आडनाव पुष्कळांचं असतं.'

हे तुला आठवतं का? का विसरायचं आहे ते हेच?

तुला सुवर्णपदक मिळालं. आयने सगळ्या मजल्यावर पेढे वाटले, आणि एक माझ्याही तोंडात कोंबला. मी मोरीत जाऊन थुंकले. मला तुझी किळस आली जगन. राग असता तर ओरडले असते, रडले असते, तुझ्या पाठीत धपाटा घातला असता. किळस आली की माणूस फक्त लांब होतं.

आयला यातलं काहीही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तुझ्यासाठी नाही, तिच्या त्या पाटीवरच्या गप्पांसाठी.

गुणवंती


नायगाव, ८ एप्रिल १९९०

जगन,

या पत्रात मी तुला डॉक्टर समजून एक प्रश्न विचारणार आहे. भाऊ समजून नव्हे. गैरसमज नको.

काल चौथीचा पेपर होता. खिडक्या पश्चिमेच्या, वर पंखा बंद. सकाळी आयने पायांना गरम पाण्याचा शेक दिला होता, मीठ घालून. ती रोज देते, तिला वाटतं त्याने पाय मोकळे होतात. शेक घेतला की मला तासभर उभंच राहता येत नाही, पण तिचं मन मोडवत नाही म्हणून घेते. तशीच शाळेत गेले. परवा संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पेपर वाटले. लघवीची घाई झाली. संडास खाली, अंगणापलीकडे. मी खुर्चीतून उठले आणि जिथे उभी होते तिथेच झालं.

थांबवता येत नाही. कळतं आणि थांबवता येत नाही. साडीतून, चपलेत, फरशीवर. पाणी न पिणाऱ्या बाईच्या लघवीला किती वास येतो हे तुला पुस्तकात शिकवलं असेल. सगळा वर्ग लिहायचा थांबला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, ओरडता तरी आलं असतं.

कोंडीराम शिपाई फिनेल घेऊन आला. हेडमास्तर नाकाला रुमाल लावून दारात उभे. रुमाल लावून मला म्हणतात, 'तांडेलबाई, अगदी संकोच करू नका हं.' मग ऑफिसात बोलावलं. स्वतःच्या समोरच्या गादीच्या खुर्चीऐवजी लोखंडी खुर्ची मागवली. म्हणाले, 'पालकांच्या तक्रारी येतील. तुम्हालाही त्रास. पुढच्या मार्चमध्ये मेडिकल बोर्ड बसतंय, मी तुमचं नाव पाठवतो. अनफिट झालात की सुटलात.'

सुटलात म्हणे!

मी घरी आले, साडी बादलीत टाकली आणि बादलीकडे बघत बसले. मला माझीच किळस आली. तुझ्याबद्दल वाटली होती तशीच, तितकीच. कुठे लांब जाणार स्वतःपासून?

ही शाळा गेली तर माझं काय राहतं, तूच सांग. नायगावची खोली, आयचा शेक, आणि परीक्षेच्या मोसमात खाटेवर नंबर. मला फळ्यासमोर उभं राहायचं आहे. उभं नाही तर बसून. पण शाळेत.

तर प्रश्न असा. हे थांबवता येतं का? तुमच्या त्या लंडनला याच्यावर काही करतात का, की तिथेही फक्त अंगठा वर गेला की खूश होतात? हो किंवा नाही, एवढंच लिही.

गुणवंती


नायगाव, १६ सप्टेंबर १९९०

जगन,

हो किंवा नाही विचारलं होतं, तू सहा पानं लिहिलीस. वाचली. दोनदा वाचली.

गरम शेक ताबडतोब बंद. या रोगात उष्णता वैरीण. पाणी तोडल्याने लघवीची आग वाढते, घाईही वाढते. लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही म्हणून ती कधीही उसळते. आणि उपाय म्हणजे एक बारीक नळी, दिवसातून ठरावीक वेळा आपल्या हाताने आत घालायची, पिशवी रिकामी करायची, नळी धुऊन ठेवायची. हे वाचून मी पत्र घडी करून उशाखाली ठेवलं आणि जेवले नाही. शी! स्वतःच्या हाताने? पण नंतर विचार केला, वर्गात उभ्याउभ्या होण्यापेक्षा घाणेरडं यात काय आहे?

आता माझं ऐक. इतकी वर्षं तळव्यावरून किल्ल्या ओढणाऱ्यांपैकी एकाने तरी मला 'शेक घेऊ नका' एवढं सांगितलं का? तीन शब्द. संपाच्या वर्षी पहिल्यांदा डोळा अंधारला तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरने टॉनिक दिलं, 'संपाच्या घरातली पोर, पोटात अन्न नाही.' पाय बधिर झाले तेव्हा दुसरा म्हणाला, लग्न करून टाका. मग नाव सापडलं आणि सगळ्यांना इतका आनंद झाला की पुढे काही करायचं असतं हेच विसरले. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याची गरज सरली, रोग्याने खुशाल मरावं.

तू लिहिल्याप्रमाणे मी मोठ्या हॉस्पिटलात नळीचं विचारायला गेले. मज्जातंतूवाले म्हणाले लघवीचं आमच्याकडे नाही. लघवीवाल्यांची इमारत रस्त्यापलीकडे, तिथला जिना चढेपर्यंत नंबर गेला. दुसऱ्या दिवशी तिथला डॉक्टर म्हणाला, 'कायमची नळी घालून बाहेर प्लॅस्टिकची पिशवी लावून देतो, झंझट खतम.' पिशवी लावून शाळेत कशी जाऊ, विचारलं. तर म्हणतो, 'शाळेत जाता कशाला? आराम करा ना.' व्यायामाच्या विभागात गेले तर तिथली बाई म्हणाली, आधी हाडांच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा. माझी हाडं ठणठणीत आहेत! माझा एकेक तुकडा एकेका इमारतीत आहे आणि कुणाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

सगळे एकत्र बसतात असं तू लिहिलंस तेव्हा मी हसले होते. आता हसत नाही. पण माझं मन तुझ्याबद्दल बदललंय असं समजू नकोस. औषध चांगलं आहे म्हणून दुकानदार चांगला ठरत नाही.

शेक बंद केला. आय रुसली आहे. पाय खरंच बरे आहेत.

गुणवंती


नायगाव, २९ जानेवारी १९९१

जगन,

नायगावहून परळला पत्र, तेही तिकीट लावून. पोस्टमन हसला असेल. तू लंडनहून परत येऊन हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायला लागलास, आयला बाजारात जाऊन भेटलास, तिच्या पाया पडलास, कोलंबी घेऊन गेलास, हे सगळं कळलं. जिना चढून वर यायची हिंमत झाली नाही हेही कळलं. बरं केलंस.

स्वतः आला नाहीस आणि तुमच्या त्या नर्सला, डोरोथीला पाठवलंस. आधी वाटलं, दारातूनच वाटेला लावावी. पण ती खोताच्या वाडीची बाई, दारात उभी राहून वास घेऊन म्हणते, 'बोंबील? सुके? आणि मला बोलावत नाय?' आय फिदाच झाली. दोघी बोंबलाच्या चटणीवर अर्धा तास बोलल्या. मग माझ्याकडे वळली.

'तू गुणवंती ना? मी त्या तिकडच्या युनिटमध्ये वर्षभर हेच शिकून आले. नळीचं मी शिकवते. पण एकटी नाय शिकवत हां. आधी पिशवीत किती उरतं ते बघायचं, किडनी बघायची, हाताला थरथर किती ते बघायचं. सात तारखेच्या गुरुवारी हॉस्पिटलात ये. तिकडच्यासारखंच इथे सुरू करतोय, सगळे असतील.'

'इथेच शिकव,' मी म्हटलं.

'नाय. असं घरोघर अर्धं अर्धं काम करूनच तर वाट लागलीय सगळ्यांची.'

मला तिचा राग आला आणि ती आवडलीही. मग मी सहज विचारलं, डॉक्टर तांडेलने माझ्याबद्दल काय सांगितलंय. ती म्हणाली, 'काय सांगणार? नायगावला एक पेशंट आहे, शिकवते, हुशार आहे, जरा तापट आहे.'

एक पेशंट. आय तिथेच बसली होती. तिने डोरोथीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, 'गो बाय, ही त्याची सख्खी बहीण हाय. त्याने सांगला नाय तुला?' डोरोथीच्या हातातला कप तसाच राहिला.

इतकं शिकून आलास. सगळ्या तुकड्यांची मोट बांधायला शिकलास, आणि अजून तुझ्या तोंडून 'बहीण' निघत नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं. मला पुन्हा तशीच शिसारी आली, अगदी पहिल्या दिवसासारखी.

पण मार्चमध्ये बोर्ड आहे आणि मला शाळा हवी आहे. म्हणून मी गुरुवारी येते आहे. डोरोथीसाठी, नळीसाठी. आय बरोबर येईल. तू मला हात लावायचा नाही. मला काही विचारायचं नाही. मी तुला यापुढे पोटातलं काहीही सांगणार नाही. तू मला ओळखत नसशील तर ते नीट पार पाड, मीही तांडेल आडनावाची एक बाई होईन.

गुणवंती


नायगाव, ९ फेब्रुवारी १९९१

जगन,

गुरुवारी तू खोलीबाहेर गेलास, त्यामुळे आत काय झालं ते तुला ठाऊक नाही. नातेवाइकांना नंतर सांगतात, म्हणून सांगते.

आधी तुझ्यापुरतं. आम्ही त्या खोलीत आलो. पुन्हा तेच. विद्यार्थ्यांची रांग, भिंतीपर्यंत. तुझे विभागप्रमुख पहिलाच दिवस म्हणून मुद्दाम आलेले, आणि ते तेच, चष्मेवाले. त्यांनी मला ओळखलं नाही, माझे डोळे इकडून तिकडे जाताना मात्र ओळखले. 'अरे वा, ही तर जुनी केस!' म्हणाले. मी दाराकडे वळलेच होते. आयने दंड धरला. ते म्हणाले, 'तांडेल, सांगा केस.'

तू फाइल उघडलीस. बंद केलीस. तुझे कान लाल झाले होते, लहानपणी खोटं पकडलं की व्हायचे तसे.

'सर, मी ही केस सांगू शकत नाही. ही माझी मोठी बहीण आहे.' आणि पुढे तू जे म्हणालास ते मी सांगितलं नव्हतं, मागितलंही नव्हतं. 'परीक्षेच्या दिवशीही होती. तुम्ही विचारलं होतं. मी खोटं बोललो.'

विद्यार्थ्यांची पेनं थांबली. प्रमुख म्हणाले, 'या विषयात शिकून आलेले तुम्ही एकटे. मग बघणार कोण हिला?' तू डोरोथीकडे आणि त्या लघवीच्या डॉक्टरांकडे, रघुवीर ना ते, हात केलास. 'हे सगळे, सर. बहिणीवर मी उपचार करू नयेत, हेही तिकडेच शिकवलं.' फाइल टेबलावर ठेवलीस आणि बाहेर गेलास.

खरं सांगू? माझा पहिला विचार काय आला असेल? मी म्हटलं, गाढवा! इतकी वर्षं शिकलास ते आज बाहेर बसायला? मला चांगला डॉक्टर हवा तेव्हा हा भाऊ झाला! वरातीमागून घोडं.

प्रमुख 'नंतर बोलू' म्हणत निघून गेले, अगदी घुश्शात. डोरोथीने विद्यार्थ्यांना हाकललं, 'चला, चला, सिनेमा संपला.' मग दार लावलं आणि मला खुर्ची दिली. खाट नाही. आणि ते सगळे माझ्याभोवती बसले. डॉ. रघुवीरनी विचारलं, 'तुम्हाला काय हवंय?' इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.  मी म्हटलं, 'शाळा.'

त्यांनी कागदावर पहिल्यांदा तेच लिहिलं. रोगाचं नाव खाली, मागाहून.

मग कामाला लागले. पोटावर यंत्र फिरवून पिशवीत किती उरतं ते बघितलं, पुष्कळ उरतं. किडन्या चांगल्या आहेत. उजवा हात थरथरतो, म्हणून नळी डाव्या हाताने शिकायची. पडद्याआड डोरोथीने शिकवलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा जमलं. घाण वाटलं का? वाटलं. पण दात घासण्यासारखं घाण, डोरोथी म्हणाली, आणि तिचं म्हणणं बरोबर निघालं. शाळेला पत्र डॉ. रघुवीर देणार आहेत, तळमजल्याचा वर्ग, सकाळचं सत्र. डोरोथी स्वतः हेडमास्तरांना भेटायला जाणार. 'तो रुमाल काढायला लावते,' म्हणाली. मधे व्यायामाची बाई काहीतरी वेगळं म्हणाली, डॉ. रघुवीर वेगळं म्हणाले, माझ्यासमोरच भांडले, आणि मला विचारून मिटवलं. तू खोलीत नव्हतास आणि काम थांबलं नाही. तुझं शिकवणं तेवढं खरं निघालं.

शाळा राहील का? मार्चपर्यंत कळेल. पुढचा झटका कधी येईल, कुणालाच माहीत नाही, त्यांनीही तसं स्पष्ट सांगितलं. तुझं पदक राहतं का जातं, तेही माहीत नाही. गेलं तर जाऊ दे. आय विचारत होती, परीक्षेचं काय ते. सांगितलं सगळं. ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून आली ती म्हणाली, 'आज बाजारात बाकड्यावर आला ना शेवटी माझ्याजवळ बसायला? मंग झाला तर.' तिचं एवढ्यात झालं. माझं एवढ्यात होणार नाही.

तुझ्याबद्दलची किळस अजून आहे. आज थोडी कमी असेल, उद्या पुन्हा येईल, हा रोग जसा येतो जातो तशीच. ती नाही असं मी लिहिणार नाही.

पण व्यायामाच्या बाईने सांगितलं आहे, पाय रोज कुणीतरी घरच्याने धरून ताणायला हवेत, नाहीतर वर्षभरात खुर्चीला खिळेन. आयच्या पाठीचं तुला माहीत आहे, पाटी उचलून उचलून गेली. त्यांनी विचारलं, घरून कोण शिकायला येणार? मी तुझं नाव दिलं. डॉक्टर म्हणून नाही, जमिनीवर बसून माझी पावलं हातात घ्यायला.

रोज सकाळी सातला ये, मी शाळेला निघायच्या आधी. उशीर केलास तर पाय आखडतात.

गुणवंती